महामार्गाच्या कापात उघडी पडलेली खनिजे : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

पुणे–बंगळूर महामार्गाचे रुंदीकरण, खंबाटकी घाटातील नव्या बोगद्यांचे काम आणि गुहागर–विजयपूर व रत्नागिरी–नागपूर या महामार्गांची कामे यांमुळे सातारा आणि सांगली जिल्ह्यांत गेल्या काही वर्षांत अनेक टेकड्या आणि डोंगरउतार कापले गेले. या कापांत दिसलेल्या स्फटिकांविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी निवडक प्रश्न येथे घेतले आहेत. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : आमच्या गावाच्या वरच्या अंगाला रस्त्यासाठी डोंगर कापला आहे. सुरुंगानंतर निघालेल्या काळ्या दगडांच्या पोकळ्यांत पांढरे, पारदर्शक आणि काही ठिकाणी फिकट गुलाबी स्फटिक दिसतात. गावातील जाणती माणसे त्यांना सरसकट गारगोटी म्हणतात. हे स्फटिक कोणते, आणि अखंड दिसणाऱ्या काळ्या खडकात ते आले कसे? — एक माध्यमिक शिक्षक, वाई तालुका

उत्तर : आपल्या वर्णनावरून हे स्फटिक झिओलाइट गटातील, म्हणजे अंतर्रचनेत पाणी धरून ठेवणाऱ्या खनिजांचे आणि त्यांच्या सोबतीने नेहमी आढळणाऱ्या ॲपोफिलाइट, कॅल्साइट व क्वार्ट्झ या खनिजांचे असावेत. फिकट गुलाबी किंवा केशरट रंगाचे स्फटिक मध्ये आवळून बांधलेल्या पेंढीसारखे दोन्ही टोकांना फुललेले असतील, तर ते स्टिल्बाइट आहे असे बऱ्याच खात्रीने म्हणता येते. गारगोटी म्हणजे क्वार्ट्झ. तीही याच पोकळ्यांत सापडते, परंतु तेथील प्रत्येक पांढरा स्फटिक गारगोटीचा नसतो.

खडक आणि त्यातील स्फटिक एकाच वेळी जन्मलेले नाहीत, ही गोष्ट येथे आधी लक्षात घ्यावी लागते. सह्याद्रीचा काळा खडक, म्हणजे बेसॉल्ट, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या लांबच लांब भेगांतून वारंवार बाहेर पडलेल्या लाव्हारसापासून तयार झाला. यातील बहुतांश उद्रेक दहा लाख वर्षांच्या आत आटोपले आणि तेवढ्या काळात थरावर थर साचून जो पाषाण तयार झाला, तो झिजून झिजूनही आज सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर क्षेत्रावर शिल्लक आहे. पोलादपुराहून महाबळेश्वरास चढणारा आंबेनळी घाट जवळजवळ संपूर्ण चढणीत हे प्रवाह एकावर एक रचलेले दाखवतो. महाबळेश्वरचा माथा समुद्रसपाटीपासून १,४३८ मीटर उंच आहे आणि तोही लाव्हाचाच आहे. हा खडक खाली किती खोल जातो, याचे उत्तर पाटण तालुक्यात कोयना परिसरातील भूकंपांच्या अभ्यासासाठी घेतलेल्या विंधन छिद्रांनी दिले आहे. रासाटी येथे सुमारे ९३० मीटर आणि गोठणे येथे सुमारे १,२५० मीटर बेसॉल्ट भेदल्यानंतर त्याखालचा प्राचीन ग्रॅनाइटी खडक लागला.

हजार अंशांहून अधिक तापमानाचा लाव्हारस पृष्ठभागावर आला की त्यात विरघळलेली पाण्याची वाफ आणि इतर वायू बुडबुड्यांच्या रूपाने सुटू लागतात व वर सरकतात. प्रवाहाची वरची साय लवकर थिजते, त्यामुळे बरेच बुडबुडे तिच्याखाली अडकून राहतात. वाटाण्याएवढ्या छिद्रांपासून ते माणूस वाकून आत पाहू शकेल एवढ्या मोठ्या पोकळ्यांपर्यंत त्यांचे आकार आढळतात. या अवस्थेत पोकळी रिकामी असते आणि तिच्यात एकही स्फटिक नसतो.

पुढचे काम पाण्याने केले. या थरांवर नवे थर साचत गेले, खडक खोल गाडला गेला, आणि भेगांतून मुरणारे पाणी तेथील उष्णतेने तापले. असे गरम पाणी बेसॉल्टमधील काचेसारखा भाग आणि फेल्डस्पार हे खनिज हळूहळू विरघळवते, त्यांतील सिलिका, ॲल्युमिना, कॅल्शियम, सोडियम आणि पोटॅशियम आपल्याबरोबर घेते आणि पोकळीत पोचल्यावर तापमान किंवा रासायनिक स्थिती बदलली की ते द्रव्य तेथे सोडते. अनेकदा पोकळीच्या भिंतीला आधी सेलाडोनाइटचा हिरवा लेप बसतो, त्यावर कॅल्सेडोनी (क्वार्ट्झचाच अतिसूक्ष्म कणांचा प्रकार) किंवा क्वार्ट्झ येते, मग ह्यूलँडाइट आणि स्टिल्बाइट वाढतात आणि शेवटी ॲपोफिलाइट व कॅल्साइट यांचे स्फटिक बसतात. हा क्रम सगळीकडे सारखा नसतो. एखादे खनिज दोन वेगवेगळ्या वेळी वाढलेलेही दिसते. म्हणूनच आपल्या हातातील तुकड्यात कोणते खनिज कोणावर बसले आहे हे भिंगातून नीट पाहावे, कारण त्या पोकळीचा इतिहास त्यातूनच वाचता येतो. दख्खनच्या काही ॲपोफिलाइट स्फटिकांचे वय मोजले असता ते ज्या खडकात आहेत त्याहून कोट्यवधी वर्षांनी लहान निघाले. लाव्हा निवून गेल्यानंतरही फार मोठ्या काळपर्यंत त्या पोकळ्यांतून पाणी वाहत राहिले होते, असा याचा अर्थ होतो.

झिओलाइट खनिजांच्या अंतर्रचनेत सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांच्या सांगाड्यात पाण्याचे रेणू राहतात. तापवल्यावर ते बाहेर पडतात, ही गोष्ट स्वीडनचे खनिजशास्त्रज्ञ आक्सेल क्रोनस्टेट यांनी १७५६ मध्ये नोंदवली आणि या गटाला नाव दिले. आपल्या सह्याद्रीतील स्फटिकांची जगाला झालेली मोठी ओळखही एका मार्गबांधणीतूनच झाली. बोर घाटातील लोहमार्गासाठी १८५६ पासून कातळ फोडला जात होता आणि १८६३ मध्ये तो मार्ग सुरू झाला. त्या कामात निघालेले ॲपोफिलाइट, स्टिल्बाइट आणि स्कोलेसाइट यांचे नमुने परदेशांतील संग्रहालयांत पोचले. आज आपल्या गावावरच्या कापात तेच घडते आहे. फरक इतकाच की निघालेला दगड त्याच आठवड्यात क्रशरवर जाऊन त्याची खडी होते आणि कापलेली दरड लवकरच जाळी व सिमेंटच्या फवाऱ्याखाली झाकली जाते. मला याची मनापासून हळहळ वाटते. रस्ता व्हायलाच हवा, परंतु त्या थोड्या काळात कोणी तरी पाहून, लिहून आणि छायाचित्र काढून ठेवायला हवे. शिक्षक म्हणून आपण हे सहज करू शकता.

प्रश्न : प्रयोगशाळा नसताना ही खनिजे घरी किंवा शाळेत कशी ओळखावीत? — विटा आणि कडेगाव येथील वाचक

उत्तर : रंगावरून ओळखण्याचा मोह सर्वांना होतो, आणि नेमका रंगच सर्वांत अविश्वसनीय असतो. एकच ॲपोफिलाइट बिनरंगी, पांढरे किंवा हिरवट असू शकते. त्याचा हिरवेपणा व्हॅनेडियमच्या अत्यल्प अंशामुळे येतो. त्यामुळे कठीणपणा, वजन, आकार आणि स्फटिक कसा फुटतो, या चार गोष्टींवर भर द्यावा.

कठीणपणासाठी घरातील वस्तू पुरतात. कठीणपणा एक ते दहा या मोजपट्टीवर सांगतात. त्यावर नखाचा कठीणपणा सुमारे अडीच, तर सुरीच्या पात्याचा आणि खिडकीच्या काचेचा सुमारे साडेपाच धरतात. कॅल्साइटचा कठीणपणा तीन आहे, त्यामुळे सुरीने त्यावर सहज ओरखडा उठतो. स्टिल्बाइट आणि ह्यूलँडाइट साडेतीन ते चारच्या दरम्यान येतात. ॲपोफिलाइट साडेचार ते पाच, म्हणजे सुरीने जरा जोर देऊन ओरखडते. क्वार्ट्झ सात आहे. ते काचेवर चर पाडते आणि सुरी त्याच्यावर घसरून केवळ लोखंडाची करडी रेघ सोडते. ही चाचणी नेहमी तुटक्या तुकड्यावर करावी. चांगल्या स्फटिकाच्या टोकावर सुरी चालवून नमुना बिघडवणारे अनेक जण मी पाहिले आहेत.

कॅल्साइट ओळखण्याचा खात्रीचा उपाय म्हणजे आम्ल. शाळेच्या प्रयोगशाळेतील विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब पडताच त्यावर जोराने फेस येतो. घरी भुकटीवर व्हिनेगर टाकले तर फेस येतो, परंतु तो मंद असतो. कॅल्साइट फुटताना तिरक्या चौकटीच्या ठोकळ्यांतच फुटते, आणि त्याचा पारदर्शक तुकडा छापील ओळीवर ठेवला तर अक्षरे दुहेरी दिसतात.

ॲपोफिलाइट झिओलाइट गटात मोडत नाही, तरी ते त्यांच्याच शेजारी वाढते आणि बहुतेक वेळा क्वार्ट्झ समजून घरी आणले जाते. त्याचा आडवा छेद चौकोनी असतो, तर क्वार्ट्झचा षटकोनी. ॲपोफिलाइटच्या उभ्या बाजूंवर खालून वर जाणाऱ्या बारीक रेषा असतात आणि त्या काचेप्रमाणे चकाकतात. वरचा सपाट पृष्ठभाग मात्र मोत्यासारख्या झळाळीचा असतो, आणि त्या पृष्ठभागाला समांतर पापुद्रे सुटतात. ह्यूलँडाइटवरही अशी मोत्याची झळाळी असते, पण त्याचे स्फटिक चपटे, मध्ये रुंद आणि टोकांकडे निमुळते असतात. चॅबाझाइट घनाकृती वाटते, मात्र बारकाईने पाहिल्यास त्याचे कोन काटकोन नसतात.

वजनही बरेच सांगते. क्वार्ट्झ आणि कॅल्साइट यांची घनता पाण्याच्या सुमारे २.७ पट आहे, स्टिल्बाइटची मात्र जेमतेम २.२ पट आहे. सारख्या आकाराचे दोन तुकडे दोन हातांत घेतले की सवयीने हा फरक कळू लागतो. शाळेत आणखी एक प्रयोग करता येतो. झिओलाइटचा लहानसा तुकडा कोरड्या परीक्षानळीत तापवला की नळीच्या वरच्या थंड भागावर पाण्याचे थेंब जमतात. ॲपोफिलाइटमध्येही पाणी असल्याने तेही थेंब देते, आणि तापताना त्याचे पापुद्रे उडतात. म्हणून या वेळी डोळ्यांना संरक्षक चष्मा असलाच पाहिजे. क्वार्ट्झ किंवा कॅल्साइटमधून असे पाणी निघत नाही.

पांढऱ्या, सुईदार, एका बिंदूपासून चहूकडे पसरलेल्या स्फटिकांपाशी मात्र घरचे उपाय संपतात. स्कोलेसाइट, मेसोलाइट आणि नॅट्रोलाइट ही तिन्ही खनिजे डोळ्यांना जवळजवळ सारखीच दिसतात आणि त्यांतील फरक क्ष-किरणांच्या साहाय्यानेच ठरतो. ज्यांना निश्चित नाव हवे आहे त्यांनी भूशास्त्र विषय शिकवणाऱ्या महाविद्यालयाकडे अथवा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागाकडे नमुना न्यावा. तोपर्यंत चिठ्ठीवर ‘सुईदार झिओलाइट’ एवढेच लिहिणे योग्य आणि प्रामाणिक ठरते.

प्रश्न : महामार्गाच्या एका कापात दगड स्फटिकांनी भरलेला दिसतो आणि थोड्या अंतरावरच्या दुसऱ्या कापात एकही स्फटिक सापडत नाही. खडक तर एकच आहे. शिवाय मध्येच विटेच्या रंगाचा तांबडा पट्टा दिसतो, तो काय आहे? — विज्ञान शाखेची विद्यार्थिनी, कराड

उत्तर : आपले निरीक्षण अचूक आहे आणि त्याचे उत्तर प्रत्येक लाव्हाप्रवाहाच्या रचनेत आहे. प्रवाहाचा मधला भाग सावकाश थंड होतो, त्यातील वायू निघून गेलेले असतात, त्यामुळे तेथे घट्ट, काळा, उभ्या खांबांसारख्या सांध्यांनी विभागलेला खडक मिळतो. विहीर खोदणारे ज्याला काळा पाषाण म्हणतात तो हाच. प्रवाहाच्या वरच्या भागात अडकलेल्या बुडबुड्यांमुळे खडक छिद्रमय होतो, आणि छिद्रे पुढे खनिजांनी भरली की त्यालाच आपल्याकडे मांजऱ्या खडक म्हणतात. प्रवाहाच्या तळाशीही छिद्रांचा एक पातळ पट्टा असतो आणि त्यात कधी कधी उभ्या नळ्यांच्या आकाराच्या पोकळ्या दिसतात. या नळ्यांचे वाकण पाहून लाव्हा कोणत्या दिशेने वाहत होता याचा अंदाज भूशास्त्रज्ञ बांधतात.

हे थर जवळजवळ आडवे आहेत आणि त्यांचा कल एक अंशाहूनही कमी आहे. रस्ता मात्र चढतो आणि उतरतो. म्हणून एक काप एखाद्या प्रवाहाच्या मांजऱ्या माथ्यातून जातो, तर त्याच्या पुढचा काप त्याच प्रवाहाच्या घट्ट गाभ्यातून किंवा वरच्या दुसऱ्याच प्रवाहातून जातो. आपण दोन्ही कापांची समुद्रसपाटीपासूनची उंची मोबाइलवर किंवा नकाशावर पाहून ठेवली आणि तीच उंची आसपासच्या ओढ्यांत व खाणींत शोधली, तर स्फटिकांचा तो थर पुन्हा सापडण्याची बरीच शक्यता आहे. या पद्धतीने पाहणाऱ्याला पुढच्या कापात काय निघेल याचा अंदाजही बांधता येतो, आणि तो खरा ठरला की होणारा आनंद मोठा असतो.

याच्या जोडीला एक मोठे कारणही आहे. दख्खनच्या पाषाणाचे विभाग पाडताना भूशास्त्रज्ञांनी वरच्या भागाला वाई उपसमूह असे नाव दिले असून त्यात पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर आणि पन्हाळा या नावांचे गट येतात. यांतील आंबेनळी व महाबळेश्वर गटांचे प्रवाह बहुधा जाड आणि एकसंध आहेत, तर त्यांच्याखालच्या, उत्तरेकडे नाशिक–पुण्याच्या बाजूला उघड्या असलेल्या गटांत लहान लहान जिभांनी बनलेले, सर्वांगाने छिद्रमय असे प्रवाह पुष्कळ आहेत. स्फटिकांसाठी जगभर प्रसिद्ध झालेल्या खाणी पुणे, नाशिक, जळगाव या पट्ट्यात अधिक का आहेत, याचे एक कारण यात मिळते. वाघोलीच्या खाणींतील निळे कॅव्हन्साइट हे त्यांतले सर्वांत नावाजलेले खनिज. सातारा–सांगलीच्या भागात पोकळ्या तुलनेने विरळ असल्यामुळे येथे निघालेल्या प्रत्येक चांगल्या नमुन्याची नोंद अधिक मोलाची आहे, असे माझे मत आहे.

तांबडा पट्टा दोन उद्रेकांमधील शांततेची खूण आहे. एक प्रवाह थिजल्यानंतर त्याचा पृष्ठभाग, आणि काही ठिकाणी त्यावर पडलेली ज्वालामुखीय राख, ऊन-पावसाने कुजून माती झाली. नंतर आलेल्या तप्त लाव्हाने ती वरून भाजली आणि तिच्यातील लोहामुळे ती तांबडी झाली. या पट्ट्याची जाडी काही सेंटिमीटरपासून एक-दोन मीटरपर्यंत असते. तो पाणी सहज खाली जाऊ देत नाही, त्यामुळे घाटातील अनेक झरे नेमके त्याच्या वरच्या अंगाला फुटतात. आपल्या कापात पावसाळ्यात ओल कोठे धरते ते पाहावे.

प्रश्न : घराच्या स्लॅबसाठी आलेल्या खडीत पांढरे ठिपके असलेले दगड बरेच आहेत. ही खडी जवळच्या रस्त्याच्या कामातील दगडाची आहे. ती वापरावी का? — एक वाचक, पलूस

उत्तर : तुरळक ठिपके असलेले थोडे दगड असतील तर चिंता करू नये. परंतु बहुतांश खडी मांजऱ्या खडकाची असेल तर ती स्लॅबसाठी घेऊ नये. अशा खडकात झिओलाइटबरोबर चिकणमातीसारखी खनिजे असतात. ती पाणी शोषतात, ओली झाल्यावर फुगतात आणि वाळल्यावर आकसतात. त्यामुळे दगड काळ्या पाषाणापेक्षा कमकुवत राहतो आणि लवकर झिजतो. ठिपके मेणचट, दुधी आणि सुरीने न ओरखडणारे असतील तर ती कॅल्सेडोनी असू शकते. तिची सिमेंटमधील अल्कलींशी क्रिया होऊन काही वर्षांनी काँक्रीटला जाळीसारखे तडे जाऊ शकतात. खडीसाठी भारतीय मानक ३८३ आणि तिच्या चाचण्यांसाठी मानक २३८६ लागू आहेत. बांधकाम साहित्य तपासणाऱ्या प्रयोगशाळेत आघातमूल्य (ठोके बसल्यावर दगड किती फुटतो), पाणी शोषण आणि शंका असल्यास अल्कली-क्रिया यांच्या चाचण्या करून घ्याव्यात. त्यांचा खर्च स्लॅबच्या खर्चाच्या मानाने किरकोळ असतो.

प्रश्न : कामाच्या जागेवरून असे दगड उचलून आणणे कायद्याने चालते का? मुलांना तेथे नेले तर काही धोका आहे का? — मिरज आणि कवठे महांकाळ येथील वाचक

उत्तर : महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८ प्रमाणे जमिनीतील खनिजांवरील हक्क शासनाचा आहे, आणि परवानगीशिवाय गौण खनिज काढणे किंवा वाहून नेणे दंडास पात्र आहे. शिवाय रस्त्याच्या हद्दीतील कामाची जागा त्या काळापुरती कंत्राटदाराच्या ताब्यात असते. म्हणून अभ्यासासाठी एखादा-दुसरा नमुना हवा असेल तरीही तेथील अभियंत्याला भेटून, आपला हेतू सांगून, रीतसर परवानगी घ्यावी. शाळेच्या नावाचे पत्र नेल्यास काम सोपे होते. विक्रीच्या हेतूने दगड काढणे किंवा गोळा करणे ही बाब सर्वस्वी निराळी असून त्यासाठी महसूल विभागाची परवानगी आणि स्वामित्वधन भरणे आवश्यक ठरते.

धोक्याविषयी मी स्पष्ट लिहितो. ताज्या कापाखाली कोणीही उभे राहू नये. सुरुंगाने खिळखिळा झालेला दगड कित्येक दिवसांनी, पावसाच्या एका सरीनंतर, पूर्वसूचना न देता सुटतो. मांजऱ्या खडक तांबड्या पट्ट्यावर असेल तर हा धोका आणखी वाढतो. न फुटलेला सुरुंग शिल्लक असण्याची शक्यता असल्यामुळे छिद्रे पाडलेल्या कातळाला हातोडा लावू नये. पाहायचे असेल ते दरडीपासून दूर टाकलेल्या राडारोड्याच्या ढिगात, काम बंद असताना आणि माहितगार माणसाच्या सोबतीनेच पाहावे. वाहतूक सुरू असलेल्या महामार्गाच्या कडेला मुलांची रांग उभी करणे तर कोणत्याही कारणाने समर्थनीय नाही. त्याऐवजी शिक्षकांनी नमुने वर्गात आणावेत.

दगड फोडताना चष्मा आणि धूळ रोखणारा मास्क वापरावा. दगडाची बारीक धूळ फुप्फुसांना अपायकारक आहेच, पण त्यापलीकडेही एक कारण आहे. एरिओनाइट नावाचे तंतुमय झिओलाइट श्वासावाटे शरीरात गेल्यास कर्करोग होतो, हे तुर्कस्तानातील कॅपाडोकिया भागातील गावांच्या अभ्यासातून सिद्ध झाले आहे. लोकरीसारख्या बारीक तंतूंचे कोणतेही खनिज कुटू नये, घासू नये आणि त्यावर फुंकर मारू नये. ते बंद पारदर्शक डबीत ठेवून बाहेरूनच पाहावे.

प्रश्न : शाळेच्या कपाटात ठेवलेल्या नमुन्यांपैकी बहुतेक जसेच्या तसे राहिले, परंतु पांढऱ्या कांड्यांचा एक सुंदर गुच्छ काही महिन्यांत आपोआप भुगा झाला. कोणीही हात लावला नव्हता. असे का झाले, आणि उरलेले नमुने कसे जपावेत? — विज्ञान शिक्षिका, कोरेगाव तालुका

उत्तर : तो गुच्छ बहुधा लोमोंटाइटचा होता. या झिओलाइटमधील पाण्याचा काही भाग इतका सैल बांधलेला असतो की जमिनीच्या ओलाव्यातून बाहेर येऊन कोरड्या हवेत राहिले की ते पाणी उडून जाते, स्फटिक आकसतो, त्यात असंख्य भेगा पडतात आणि अखेरीस त्याची पांढरी भुकटी होते. यात आपली निष्काळजी नाही. ताज्या कापातून निघालेला, ओलसर आणि काहीसा पारदर्शक दिसणारा पांढऱ्या कांड्यांचा गुच्छ हाती आला, तर तो लोमोंटाइट असू शकतो असे गृहीत धरून लगेच हवाबंद बरणीत ठेवावा आणि बरणीत ओल्या कापसाचा लहान बोळा, स्फटिकाला स्पर्श होणार नाही अशा बेताने, ठेवावा. भुकटी झालेला नमुना टाकून देऊ नये. ओळख पटवण्यासाठी क्ष-किरण तपासणीला भुकटीच लागते.

इतर नमुने साध्या पाण्यात मऊ ब्रशने धुवावेत आणि सावलीत वाळवावेत. उन्हात किंवा विस्तवाजवळ वाळवल्यास स्टिल्बाइटही पाणी गमावून निस्तेज होते. पांढरे करण्यासाठी व्हिनेगर, फरशीचे आम्ल किंवा टाकीचा क्लीनर मुळीच वापरू नये. कॅल्साइट त्यात विरघळते, आणि तीव्र आम्लात स्कोलेसाइटसारख्या खनिजांचा लगदा होतो. ओकेनाइटचे मऊ पांढरे गोळे धुवू नयेत आणि त्यांना बोटही लावू नये, कारण त्यांचे तंतू एकदा चिकटले की पुन्हा उभे राहत नाहीत.

आपल्या कपाटातील नमुन्यांवर चिठ्ठ्या आहेत की नाहीत, हे आपण लिहिलेले नाही. नसतील तर जे आठवते ते आजच लिहावे. गाव, तालुका, रस्त्याचे नाव, किलोमीटरचा दगड, समुद्रसपाटीपासूनची उंची, कापाच्या तळापासून तो थर किती वर होता, खडक मांजऱ्या होता की घट्ट, तांबडा पट्टा वर होता की खाली, आणि नमुना कोणत्या दिवशी मिळाला, एवढे एका चिठ्ठीवर मावते. तीच माहिती वहीत क्रमांकाने उतरवावी आणि तो क्रमांक दगडाच्या काळ्या बाजूला पांढऱ्या रंगाचा लहान ठिपका देऊन त्यावर शाईने लिहावा, कारण चिठ्ठ्या हरवतात आणि अदलाबदल होतात. स्फटिकाचे नाव चुकले तर पुढे केव्हाही तपासून दुरुस्त करता येते. तो कोठून आला हे मात्र दगडाकडे कितीही निरखून पाहिले तरी कळत नाही, आणि ज्या कापातून तो आला तो काप तोपर्यंत सिमेंटखाली गेलेला असतो. उरलेल्या चिठ्ठ्या लिहून झाल्यावर त्या वहीची एक प्रत जवळच्या महाविद्यालयाच्या भूशास्त्र किंवा भूगोल विभागाकडे पाठवावी.